खिसा त्याला, भुर्दंड तिला

भाजीबाजारात आपल्याला कुणी फसवून दाखवावं! मेथीची जुडी उलटीपालटी करून बघायची, भेंडीचं टोक मोडून बघायचं, वांग्याला कुठे भोक दिसतंय का ते निरखायचं. भाव पटला नाही तर चार पावलं पुढे जायचं, म्हणजे भाजीवाल्या मावशी आपणहून हाक मारतात. घरातल्या पै-पैचा असा चोख हिशेब ठेवणाऱ्या आपण बायका. पण तीच बाई स्वतःसाठी कुडता, साबण, क्रीम नाहीतर साधा हातरुमाल घ्यायला दुकानात शिरली की ही सगळी पारख कुठे जाते कोण जाणे. रंग छान, वास छान, डबी छान. चला, द्या बांधून!

मैत्रिणींनो, येत्या रविवारी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना एक गोष्ट मुद्दाम करून बघा. घरातल्या पुरुषाचा शर्ट आणि तुमचा कुडता शेजारी शेजारी ठेवा. त्याचा रुमाल पसरा आणि त्यावर तुमचा रुमाल ठेवा. तुमचा लेस लावलेला, कोपऱ्यात फूल काढलेला रुमाल बहुधा त्याच्या निम्म्या रुमालातच मावेल. किमतीत मात्र एवढा फरक नसतो. घाम पुसायला निघालं तर एका बस स्टँडपासून दुसऱ्या बस स्टँडपर्यंत टिकत नाही तो! मग शर्टाची शिलाई बघा, कुडत्याची बघा. खिसे मोजा. न्हाणीघरातल्या फळीवरच्या डब्या-बाटल्या उलट्या करून मागचे आकडे वाचा. ‘तिच्यासाठी’ म्हणून विकलेली वस्तू कुठे महाग आहे, कुठे तोकडी आहे, तर कुठे दोन्ही, हे तुमचं तुम्हालाच दिसू लागेल.

रंग बदलला, भाव बदलला

या फरकाला इंग्रजी वर्तमानपत्रांनी ‘पिंक टॅक्स’ असं नाव दिलंय. गुलाबी कर! नाव कराचं असलं तरी हा पैसा सरकारकडे जात नाही. वस्तू जवळपास तीच, पण बाईसाठी म्हणून रंग, वास आणि वेष्टन बदललं की जो जास्तीचा भाव लागतो, त्याला हे नाव.

हे नुसतं बायकांचं कुरकुरणं नाही, हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मोजून दाखवलं ते अमेरिकेत. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने २०१५ साली लहान मुलांच्या खेळण्यांपासून म्हातारपणी लागणाऱ्या वस्तूंपर्यंत जवळपास ८०० वस्तूंच्या किमती जोड्या लावून तपासल्या. एकाच प्रकारची वस्तू, एक पुरुषांची आणि एक बायकांची. सरासरी काढली तेव्हा बायकांच्या वस्तू ७ टक्के महाग निघाल्या. मोठ्यांच्या कपड्यांत हा फरक ८ टक्के होता, तर साबण, शाम्पू, रेझर अशा अंगनिगेच्या वस्तूंत १३ टक्के. शाम्पू-कंडिशनरमध्ये तर तब्बल ४८ टक्के! काही वस्तू पुरुषांच्याही महाग होत्या. पण ते १०० पैकी १८ वेळा, आणि बायकांच्या वस्तू महाग असणं १०० पैकी ४२ वेळा.

हे आकडे तिकडच्या दुकानांतले, ते इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण रीत तीच आहे. रेझरचंच बघा. पाती पोलादाची, मूठ प्लॅस्टिकची. बायकांच्या रेझरचं डोकं कधी थोडं गोलाकार असतं, कडेला मऊ पट्टी असते, हे खरं. पण पुष्कळदा फरक असतो तो फक्त रंगाचा. जिलेट कंपनीने खास बायकांसाठी म्हणून रेझर काढला तो १९१५ साली. बिनबाह्यांच्या कपड्यांची फॅशन आली आणि कंपनीला नवं गिऱ्हाईक दिसलं. तेव्हापासून आजपर्यंत ‘हे खास तुमच्यासाठी’ हे वाक्य बाईच्या पर्सचा चाप उघडतंय.

न्यूयॉर्क राज्याने २०२० साली आणि कॅलिफोर्नियाने २०२३ पासून कायदाच केला, की वस्तू सारखीच असेल तर बाईसाठी आणि पुरुषासाठी वेगळा भाव लावायचा नाही. आपल्याकडे असा कायदा नाही. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे दुकानदाराने घ्यायचे नाहीत, एवढं आपला कायदा बघतो. ती कमाल किंमत मुळात किती छापायची, हे कंपनी ठरवते. म्हणजे आपली राखण आपल्यालाच करायची आहे.

आणि खराखुरा करसुद्धा

सरकारी कराचीही एक गोष्ट या निमित्ताने आठवायला हवी. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर बसला. कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या करमुक्त. आणि जी वस्तू दर महिन्याला लागते, न घेऊन चालतच नाही, तिच्यावर कर! देशभरातल्या बायका यावर बोलल्या, सह्यांच्या मोहिमा झाल्या, कोर्टात अर्ज गेले. शेवटी वर्षभराने, जुलै २०१८ मध्ये, तो कर काढून टाकला गेला. ज्या विषयावर घरात कुजबुजतसुद्धा नाही, त्यावर बायका चारचौघांत बोलल्या म्हणून हे झालं.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर पुन्हा बदलले. साबणाची वडी, शाम्पू, केसांचं तेल, टाल्कम पावडर, टूथपेस्ट या रोजच्या वस्तू १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. चांगलंच झालं. त्यात दाढीचं क्रीम आणि दाढीनंतरचं लोशनही स्वस्त कराच्या यादीत गेलं. मात्र थंडीत हातापायाला भेगा पडतात म्हणून आपण जे क्रीम लावतो, ते १८ टक्क्यांतच राहिलं. ते क्रीम पुरुषही लावतात, हे मान्य. पण घराघरात ती डबी कुणाची म्हणून ओळखली जाते, हे सांगायला नको.

कापड गेलं कुठे?

आता कपड्यांकडे वळू. इथे किमतीपेक्षा प्रतीचा प्रश्न मोठा आहे. कारण बाजारात बायकांचा कुडता पुरुषांच्या शर्टापेक्षा स्वस्तसुद्धा मिळतो. अडीचशेला मिळतो, ‘दोनवर एक फुकट’ही मिळतो. पण तो हातात घेऊन उजेडाकडे धरा. पलीकडची खिडकी दिसते! मग आतून स्लिप घ्या, नाहीतर अस्तर लावून घ्या. शिलाईत पाव इंचसुद्धा कापड सोडलेलं नसतं, त्यामुळे अंग थोडं भरलं की उसवून सैल करायची सोय नाही. दोन धुण्यांत रंग उतरतो, तिसऱ्यात काखेत उसवतो.

पुरुषाच्या शर्टाचं तसं नाही. गळ्याचं माप ३८, ४०, ४२ असं आकड्यात. पँटचं माप कमरेच्या इंचात. बऱ्याचशा शर्टांच्या आत खाली एक जादा बटण टाकलेलं असतं. बाजूची शिवण दुहेरी असते. आपल्याकडे मात्र ‘एम’, ‘एल’, ‘एक्सएल’. एका दुकानातला ‘एल’ सैल होतो आणि दुसऱ्या दुकानातला डोक्यातून आत जात नाही.

आणि खिसा! त्याच्या शर्टाला एक, पँटला चार. आपल्या कुडत्याला शून्य, लेगिंगला शून्य. शाळेच्या गणवेशापासूनच हे सुरू होतं. मुलाच्या चड्डीला दोन्ही बाजूंना खिसे, त्यात गोट्या, खडू, सुटे पैसे, काय वाटेल ते. मुलीच्या स्कर्टला कित्येकदा खिसाच नाही. तिने रुमाल कमरेला खोचायचा. पुढे तीच मुलगी जीन्स घेते, तर तिथेही गंमत. ‘द पुडिंग’ या अमेरिकेतल्या प्रकाशनाने २०१८ साली २० ब्रँडच्या ८० जीन्स घेऊन पट्टीने खिसे मोजले. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के कमी खोल निघाले. कपडा तोच, जाडी तीच, खिसा मात्र निम्मा!

आपल्या आज्ज्या-पणज्यांची अवस्था याहून बरी होती म्हणायची. नऊवारीच्या केळ्यात किल्ल्या, सुपारी, सुटे पैसे सगळं राहायचं. कनवटीला नाणं, कमरेला चंची, पदराच्या गाठीला नोट. कितीतरी जणी परकराला आतून खिसा शिवून घ्यायच्या आणि अजूनही घेतात. गाडीत बसल्यावर हळूच त्यातून तिकिटाचे पैसे काढणारी आजी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मोबाइल, गाडीची किल्ली, एटीएम कार्ड घेऊन नोकरीला जाणाऱ्या त्यांच्या नातींच्या अंगावर मात्र एक रुपया ठेवायला जागा नाही.

ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. खिसा नाही म्हणून पर्स. पर्सचा खर्च वेगळा, ती जपायचा ताप वेगळा. पहाटे फिरायला जाताना मोबाइल हातातच धरावा लागतो आणि मागून मोटरसायकलवरून येणाऱ्याला तेच हवं असतं. घरोघरी फिरणारी आशाताई, दुकानात दिवसभर उभी असलेली मुलगी, शेतावर मजुरीला जाणारी बाई, या सगळ्यांना दोन्ही हात मोकळे लागतात. खिसा ही त्यांची गरज आहे.

छापील किमतीच्या पलीकडे

बाईच्या कपड्याची किंमत चिठ्ठीवर लिहिलेल्या आकड्याशी थांबत नाही. पुरुषाने शर्ट घेतला, अंगात घातला, चालू लागला. आपण साडी घेतली की फॉल आला, पिको आला, मॅचिंग परकर आला, ब्लाउजची शिलाई आली. ब्लाउजपीस पातळ असेल तर अस्तराचं कापड आणि त्याची वेगळी शिलाई. लग्नसराईत तर टेलरबाई ‘अर्जंट’चे जादा लावणार. कुडता घेतला तर खाली लेगिंग, वर ओढणी, आत स्लिप.

म्हणून कपड्याचा हिशेब असा करावा. समजा, त्याचा शर्ट ९०० रुपयांचा आहे आणि तो तीन वर्षं टिकला. म्हणजे वर्षाला ३०० रुपये. तिचा कुडता ३५० चा आहे आणि सहा महिन्यांत विटला. वर्षाला असे दोन, म्हणजे ७००. घरात मात्र बोलायला काय राहतं? ‘‘तू सारखी कपडे घेतेस!’’ आणि आपणही ओशाळून गप्प बसतो. खरं म्हणजे आपण सारखे कपडे घेत नाही, आपल्याला सारखे घ्यावे लागतील असेच कपडे विकले जातात.

यात आपल्या मनाचाही थोडा भाग आहे. सगळ्यांचं झालं की उरलं-सुरलं माझं, ही सवय. मुलांचे कपडे ब्रँडेड, यजमानांचा शर्ट चांगल्या दुकानातला, स्वतःसाठी मात्र रस्त्यावरच्या सेलमधला ढीग उपसायचा. ‘मला काय, घरातच तर असते’ असं म्हणत घेतलेली स्वस्त वस्तूच शेवटी महाग पडते.

असं का होतं?

सगळाच दोष कंपन्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. बायकांच्या कपड्यांत नमुने जास्त, दर मोसमाला फॅशन नवी. एकेका नमुन्याचे नग थोडेच निघतात, त्यामुळे खर्च वाढतो आणि न खपलेल्या मालाचा तोटा विकल्या गेलेल्या मालावर पडतो. पुरुषाचा पांढरा शर्ट वर्षानुवर्षं तोच. हजारोंनी एकदम कापता येतो.

पण याच फॅशनच्या नावाखाली काटकसर कुठे होते बघा. खिसा म्हणजे जास्तीचं कापड आणि कारागिराची जास्तीची पाच मिनिटं. शिलाईतलं मार्जिन म्हणजे कापड. रुंद दुमड म्हणजे कापड. एका कुडत्यात वाचणारं वीतभर कापड हजार कुडत्यांत ठाणच होतं की! बाई गळ्याचं भरतकाम बघते, शिवण बघत नाही, हे कारखानदाराला पक्कं ठाऊक आहे. पुरुषाने ‘खिसा नाही?’ म्हणून शर्ट परत ठेवला असता. आपण ठेवत नाही. आता तर ‘फॉर मेन’ लिहिलेले फेसवॉश आणि क्रीम आले आहेत आणि तिथे पुरुषही डबीवर भुलायला लागलेत. म्हणजे प्रश्न बाईच्या अकलेचा नाही. समोरून डबी बघितली की कुणीही फसतं. माल कळतो तो डबीची पाठ वाचल्यावर.

डबीची पाठ वाचायची कशी?

पाठीवर बारीक अक्षरांत बरंच काही असतं. पाकीटबंद मालाच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पुढे कमाल किमतीसोबत एका ग्रॅमला किंवा एका मिलिलिटरला किती रुपये, हेही छापणं आलं. हा आकडा आपल्या फार कामाचा. समजा, एक गुलाबी डबी ५० ग्रॅमची आणि १२० रुपयांची. म्हणजे ग्रॅमला २ रुपये ४० पैसे. शेजारची साधी डबी १०० ग्रॅमची आणि १९० रुपयांची; म्हणजे ग्रॅमला १ रुपया ९० पैसे. समोरून बघितलं तर गुलाबी स्वस्त वाटते, पाठ वाचली की साधी स्वस्त निघते. मोठी बाटली नेहमीच स्वस्त, हेही खरं धरू नका. शाम्पूच्या बाबतीत कित्येकदा पुड्यांचा हिशेब बाटलीपेक्षा कमी पडतो.

साबणाच्या पाठीवर ‘टीएफएम’ हा आकडा शोधा. साबणात तेला-चरबीपासून आलेला खरा अंश किती, ते तो सांगतो. अंगाच्या साबणात ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिला दर्जा, ७० ला दुसरा, ६० ला तिसरा. पाकिटावर ‘टॉयलेट सोप’ऐवजी ‘बाथिंग बार’ लिहिलं असेल तर हा अंश ४० टक्क्यांपर्यंत खाली असू शकतो. पाकिटावरच्या गुलाबाच्या पाकळ्या आणि दुधाची धार यांचा दर्जाशी काही संबंध नाही. क्रीमच्या घटकांची यादीही वाचावी. जे सर्वांत जास्त, ते यादीत आधी लिहिलेलं असतं. पुढच्या बाजूला केशर आणि बदाम, पण यादीत मात्र त्यांची नावं अगदी तळाशी, असं दिसलं तर काय ते समजून घ्या.

खरेदीला निघताना

● कुडता उजेडाकडे धरा. आत हात घालून तळवा दिसतो का बघा.

● उलटा करून शिवण पाहा. दोन्ही बाजूंनी हलकेच ओढा. टाके फाकले तर परत ठेवा. आत किमान अर्धा इंच कापड सोडलेलं असावं.

● पांढरा रुमाल ओला करून आतल्या बाजूला घासा. रंग तिथेच लागला तर धुण्यात बाकीच्या कपड्यांनाही लागणार.

● दुकानदाराला दर वेळी विचारा, ‘‘खिसेवाला नाही का?’’ दहा जणींनी विचारलं तर अकराव्या वेळी तो माल मागवतो.

● टेलरबाईंना बाजूच्या शिवणीत, स्लिटच्या वर खिसा घालायला सांगा. ब्लाउजपीसमधून उरलेलं कापड पुरतं. मोबाइल सोबत न्या, म्हणजे खोली बरोबर येईल.

● रुमाल, मोजे, रेनकोट, घरात घालायचा टी-शर्ट, रेझर यांना पुरुषांच्या फळीवरही बघा. चांगलं आणि स्वस्त असेल तर घ्या. वस्तूला कुठे ठाऊक असतं आपण कोण ते!

● छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. बिल मात्र मागून घ्या.

गुलाबी रंगाशी आपलं काही वैर नाही. आवडतो तर जरूर घ्यावा. लेसचा रुमालही घ्यावा, सुवासिक साबणही घ्यावा. हौसेचे चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत, पण आपण हौसेचे पैसे मोजतोय हे आपल्याला माहीत असावं. रोजच्या गरजेच्या वस्तूला हौसेचा भाव कुणी लावत असेल, तर तो भाव आपण का द्यावा?

पुढच्या भिशीला किंवा बचत गटाच्या बैठकीला एक करा. प्रत्येकीने घरातून रिकामं पाकीट नाहीतर बाटली आणायची, साबणाची, क्रीमची, पॅडची. चहा होईपर्यंत सगळ्यांनी मागचे आकडे मोठ्याने वाचायचे आणि वहीच्या एका पानावर लिहून काढायचे. कुणाची वस्तू ग्रॅमला किती पडते, ते पानावर समोरासमोर दिसेल. पॅड, साबण, तेल अशा नेहमी लागणाऱ्या वस्तू दहा-पंधरा जणींनी मिळून होलसेलवाल्याकडून एकदम आणता येतात का, तेही त्याच बैठकीत ठरवून टाका. वाचलेले पैसे कशावर खर्च करायचे, हे मात्र जिचं तिने ठरवायचं. आणि घरी कुणी विचारलं तर लगेच सांगायची गरज नाही!